मोहोरावर घेतलेले शेअर

माझे पहिले शेअर मी आंब्याचं झाड घेतात तसे घेतले. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ज्यांनी कधी मोहोरावर झाड विकलेलं नाही त्यांना त्यातली चूक कळायची नाही. म्हणून आधी झाडाचं सांगतो.

आमची वाडी अंधेरी आणि जोगेश्वरीच्या मधे, रुळांच्या पूर्वेला. पडवळ, दुधी, वांगी, पावसाळ्यात काकडी आणि बांधावर रायवळ आंब्याची झाडं. माघात मोहोर आला की बाजारातला व्यापारी यायचा. झाडाखाली उभा राहून वर बघायचा, एखादी डहाळी ओढून हुंगायचा. मग बाबा खांद्यावरचा पंचा काढून दोघांच्या हातांवर टाकायचे आणि पंच्याखाली बोटं बोलायची. किती बोटं दाबली यावर आकडा. आजूबाजूला माणसं उभी असली तरी तो आकडा त्या दोघांतच. जमलं की व्यापारी निम्मे पैसे द्यायचा, तो बयाणा. उरलेले निम्मे आंबा उतरवताना. मधे वादळ होऊन मोहोर झडला तर बाकी कुणी मागायची नाही आणि दिलेला बयाणा कुणी परत मागायचा नाही. कागद नाही, सही नाही. पंच्याखाली ठरलेला आकडा बाहेर बोलायचा नाही, घरच्या बाईलाही नाही. एवढं कळलं की पुढचं सोपं आहे.

चौथीत मी शाळा सोडली. सोडावी लागली असं नाही. सोडली. मास्तर म्हणाला उद्या बापाला घेऊन ये, मी म्हटलं उद्या मीच येणार नाही, आणि गेलो नाही.

बाबा गेल्यावर वाडी दादाच्या हातात आली. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, आणि बोलला की समोरच्याला गप्प बसवणारा. आमच्या विहिरीवर रहाट होता आणि तो ओढायला रेडा. मी तोवर अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये हाताखालचा माणूस म्हणून जायला लागलो होतो. तिथे दुरुस्तीला पंप यायचे. एक दिवस त्यातला एक हौदात लावून चालवून बघितला तेव्हा मनगटाएवढी धार सुटली. मी घरी येऊन दादाला म्हटलं, विहिरीवर पंप बसवू.

दादा पडवळाचे वेल बांधत होता. शेजारच्या वाडीतली दोघं होती.

"तुझा पंप शेण देतो काय रे?" त्याने विचारलं.

ती दोघं हसली.

"आणि बंद पडला तर त्याला वैरण घालू का?"

मी म्हटलं, पाच वर्षांनी बघ, प्रत्येक वाडीत पंप असेल आणि तू रेड्याच्या शेपटामागे फिरत असशील. दादा उठला. त्याने मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "तुला एवढं कळतं तर इथे कशाला राहतोस? जा. पैसे लागले की येशीलच."

"पैसे मागायला या वाडीत पाय ठेवला तर बाबांचं नाव लावणार नाही."

आई दारात उभी होती. तिने ऐकलं. त्याच संध्याकाळी मी ट्रंक उचलली आणि वाकोल्याला खोली घेतली.

खोली एका ख्रिस्ती म्हातारीच्या घरामागे होती. ती तिथल्या जुन्या गावातलीच. नवरा नव्हता, मुलं नव्हती, अंगणात कोंबड्या होत्या. घरात आमच्यासारखीच मराठी बोलायची, पण लहानपणी मिशनच्या शाळेत गेल्यामुळे इंग्रजीही वाचायची. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला पोरा म्हणायची आणि भाडं एक दिवस उशिरा झालं की काहीच म्हणायची नाही, नुसती खोलीसमोर येऊन कोंबड्यांना दाणे टाकत राहायची.

दोन वर्षं मी पैसे साठवले. चहा नाही, विडी नाही, सिनेमा नाही. दादाला दाखवायचं होतं, काय ते ठरत नव्हतं.

अंधेरी स्टेशनाजवळ एका गुजराती शेठचं धान्याचं दुकान होतं. त्याचा मेहुणा फोर्टात शेअरदलालाकडे होता. शेठकडे फोन होता आणि दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की तिथे पोत्यांवर बसून माणसं भाव बोलायची. मी तांदूळ न्यायला जायचो आणि रेंगाळायचो. एकदा तिथे कुणीतरी पंपाच्या कंपनीचं नाव घेतलं. नवी कंपनी, मुलुंडला कारखाना बांधतेय. माझे कान उभे राहिले. शेअर शंभराचा, मिळतो चाळीसला.

"शेठ, शंभराचा शेअर चाळीसला कसा?"

"शंभराचा खरा, पण भरले आहेत पन्नासच. बाकीचे पन्नास कंपनी मागेल तेव्हा भरायचे."

"म्हणजे कारखाना चालू झाल्यावर."

"मागेल तेव्हा."

"फळ धरल्यावरच मागणार ना? आधी कशाला मागेल?"

शेठ हसला. "तू आंबेवाल्याचा पोरगा ना? बरं, तसंच समज. पण पैसे तयार ठेव हां."

त्याने सांगितलं नाही असं मी म्हणणार नाही. मी मात्र ऐकलं ते झाडासारखं. निम्मे आता, निम्मे फळ उतरवताना, आणि मोहोर झडला तर पुढचं काही देणं नाही. यात घाबरण्यासारखं काय? चारशे रुपयांना दहा शेअर घेतले. साठवलेलं सगळं त्यात गेलं. सहीसाठी कागद आला तेव्हा टाकाला एवढा जोर लावला की खालच्या कागदावरही माझं नाव उमटलं. महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या नावाचा जाड कागद आला, दहा शेअरचा एकच. तो ट्रंकेत, धुतलेल्या धोतराच्या घडीत ठेवला.

भाव आधी दोन रुपये चढला. मी पोत्यावर बसायला लागलो, आधी उभा राहायचो. मग भाव पस्तीसवर आला, मग तीस. पोत्यांवरची माणसं म्हणायची, "काय आंबेवाले, मोहोर कसा आहे?" मी म्हणायचो, "बघाल." खाली उतरलेला भाव ऐकून मी कधी दुकानातून लगेच निघालो नाही. थोडा वेळ बसायचो, शेंगदाणे घ्यायचो, मग निघायचो. ते मावशीच्या कोंबड्यांना जायचे.

दिवाळीनंतर कंपनीचं पत्र आलं. मावशीने चष्मा लावून वाचलं.

"पैसे मागतात, पोरा. शेअरला पन्नास. दहाचे पाचशे."

"कारखाना चालू झाला?"

"ते नाही लिहिलंय."

"मग कशाचे पैसे? फळ कुठे आहे?"

"यात फळाबिळाचं काही नाही. पैसे भर म्हणतात."

मी तिला उत्तर लिहायला लावलं. इंग्रजीत. आधी कारखाना चालू झालेला दाखवा, मग बाकी देतो, अशी आमची पद्धत आहे. ती म्हणाली, "लिहिते मी, पण मला हसायला येतंय." लिहिलं तिने. मी सही केली. तिकीट मीच लावलं.

उत्तर आलं नाही. महिना गेला, दुसरा गेला. मी दुकानात सांगितलं की कंपनी गप्प बसली. शेठने माझ्याकडे बघितलं आणि तांदूळ मोजायला लागला. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

माघात दुसरं पत्र आलं. या वेळी मावशी हसली नाही. दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"या महिनाअखेरपर्यंत फोर्टातल्या बँकेत भरले नाहीस तर शेअर जप्त. दिलेलं पण गेलं, शेअर पण गेले."

"दिलेलं पण?"

"सगळं."

झाडात तसं होत नाही. झाड कुणी जप्त करत नाही. मी तिला परत वाचायला सांगितलं. तिने वाचलं. तेच होतं. हातात दहा-बारा दिवस होते.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये माझ्या हातून पाना पडला, पायावर. कुणाला सांगितलं नाही, चालत राहिलो. संध्याकाळी शेठकडे गेलो आणि म्हटलं, विकून टाका.

शेठने फोन केला. बराच वेळ गुजरातीत बोलला. ठेवला.

"दहा रुपये म्हणतो एक जण. तोही बघू म्हणतो. पन्नास भरायचे राहिलेला माल कोण घेईल, भाई? घेणाऱ्याला पण तेच पन्नास भरायचे ना."

"दहा?"

"हो. उद्या तेवढे पण नाही मिळणार."

पोत्यावरचा एक जण म्हणाला, "मोहोर झडला वाटतं." कुणी हसलं नाही तरी मला ऐकू आलं.

"विकायचे नाहीत," मी म्हटलं.

"मग पाचशे भर."

"भरतो."

शेठने विचारलं नाही कुठून. त्यालाही माहीत होतं की माझ्याकडे नाहीत.

माझ्याकडे होते शंभराच्या आत. मनगटावरचं घड्याळ विकलं, बाबांचं नव्हे, मीच घेतलेलं. वर्कशॉपच्या मालकाकडून आगाऊ घेतले. त्याने दोन महिने जादा पाळी लिहून घेतली. ओढूनताणून दोनशे झाले. पुढे काही सुचेना. वर्कशॉपच्या फाटकाबाहेर पगाराच्या दिवशी एक काबुली उभा राहायचा, हातात काठी, कुणाशी बोलायचा नाही. माझ्या शेजारी काम करणारा त्याचं व्याज तीन वर्षं देत होता आणि मुद्दल होतं तिथेच. मी एका संध्याकाळी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने विचारलं, "कितना?" माझ्या तोंडून आकडा निघाला नाही. घाबरलो नव्हतो. कारखाना न बघता मी दुसऱ्यांदा पैसे टाकणार नव्हतो, एवढंच.

रविवारी मुलुंडला गेलो. स्टेशनापासून बरंच चालावं लागलं. बांबूंच्या परांचीत चार भिंती, वर छप्पर नाही. आतमध्ये लाकडी खोकी ताडपत्रीखाली, त्यांवर इंग्रजी अक्षरं. एक रखवालदार खाटेवर बसून दात कोरत होता.

"कधी चालू होणार?"

"मशीन आलंय. छपराचे पत्रे यायचेत."

"पत्रे कधी?"

"पैसे आले की, म्हणतात. तुम्ही कोण?"

मी शेअरहोल्डर असं म्हणायला तोंड उघडलं, पण पायात चप्पल एका बाजूने फाटलेली होती. म्हटलं, "बघायला आलो."

परत येताना मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पैसे आमच्याकडून येणार होते, पत्रे त्यातून येणार होते, फळ त्यानंतर. म्हणजे झाडच आम्ही लावायचं होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी आई आली. डोक्यावर भाजीची टोपली, तिच्यात माझ्यासाठी भाकऱ्या. मावशी आणि ती अंगणात बोलत बसल्या होत्या. मी आलो तेव्हा दोघी गप्प झाल्या. तेव्हाच कळलं, मावशीने सगळं ओकलंय.

"किती कमी पडतात?" आईने विचारलं.

"काही कमी नाही."

"तुझा बाप असाच. ताप असला तरी म्हणायचा उन्हात फिरलोय म्हणून अंग गरम आहे."

मी भाकरी खाल्ली. ती म्हणाली, "दादा झाडं विकतोय या वर्षी. मोहोर बरा आहे. रेडा म्हातारा झाला, नवा घ्यायचाय त्यातून."

"मग घ्या."

"तो म्हणाला, मुलुंडला येतो."

"कशाला?"

"झाड बघायला, असं म्हणाला. मला काय माहीत कुठलं झाड आहे मुलुंडला."

तिला माहीत होतं. मी म्हटलं, मी पैसे मागितलेले नाहीत. ती म्हणाली, "मी कुठे म्हटलं मागितलेस? त्याने पण नाही म्हटलं. तो बघायला येणार आहे. बघण्याचे पैसे पडतात का?"

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दादा मुलुंड स्टेशनाबाहेर उभा होता. धोतर, खांद्यावर बाबांचा पंचा. अडीच वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. "कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं. मी हाताने दाखवलं. कारखान्यापर्यंत तो माझ्या चार पावलं मागे चालला.

तो आत शिरला. रखवालदार उठला, पण दादाच्या चालण्यात असं काहीतरी असायचं की अडवणाऱ्याला प्रश्न पडायचा हा कोण. त्याने भिंतीला तळहात लावला. विटांच्या फटीत नख घालून चुना उकरला, बोटांत चोळून बघितला. ताडपत्री उचलून खोक्यावर टकटक केली. मोहोर बघताना करतो तसंच, वेळ घेऊन. मी बाजूला उभा होतो आणि प्रत्येक भिंतीचा निकाल माझ्यावर लागत असल्यासारखं वाटत होतं.

कोपऱ्यात विहीर होती. एक बाई दोराने कळशी ओढत होती.

"पंपवाल्यांची विहीर," दादा म्हणाला, "आणि पाणी कळशीने."

  तो विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिला.

"पाणी चांगलं आहे," म्हणाला. "बांधकाम वाईट नाही. मोहोर उशिरा आहे, एवढंच." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "निम्मं झाड मला दे."

त्याने पंचा काढला.

मी हात पुढे केला. पंचा पडला. दादाचा हात बाबांच्या हातासारखाच, तर्जनीवर विळ्याचा जुना वण. त्याने दाबलं: शेअरला चाळीस. म्हणजे मी घेतले त्याच भावाने पाच शेअर.

मला राग आला. बाजारात शेअरचे दहा येत होते आणि ते दादालाही माहीत असणार, मावशीने आईला सांगितलं आणि आईने त्याला. चाळीस म्हणजे भाव नव्हता, भीक होती. शिवाय त्याच्या बोटांतून माझ्या हातात येत होता तो नव्या रेड्याचा पैसा. पाच शेअरच्या बाकीचे अडीचशे तो भरणारच होता. माझ्या पाच शेअरच्या अडीचशेला मला पन्नास कमी होते. दहाने घेतले तर बरोबर पन्नास. मला एवढंच हवं होतं. मी दाबलं: दहा.

त्याने माझी बोटं झटकली आणि पुन्हा चाळीस दाबलं, दुखेल असं. मी पुन्हा दहा.

रखवालदार दोन पावलं जवळ आला. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. दोन माणसं भर उन्हात पंच्याखाली हात धरून उभी, एकमेकांकडे न बघता, आणि दोघांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या. मी आयुष्यात पुढे पुष्कळ सौदे केले. विकणारा भाव पाडतोय आणि घेणारा चढवतोय असा तेवढा एकच.

तो पस्तीसवर आला. मी बारावर गेलो. तो थांबला. मला त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

"रेडा अजून एक पावसाळा ओढेल," तो म्हणाला. मोठ्याने, विहिरीकडे बघत.

"मला रेड्याचं काय."

"तेच सांगतोय. तुला काय त्याचं."

मग त्याने एक आकडा दाबला.  मी त्याचा पंजा पूर्ण धरला, जमलं असं. तो आकडा मी सांगणार नाही. आईने विचारला होता, पुढे बायकोने विचारला. पंच्याखालचा आकडा तिथेच राहतो.

"उद्या सकाळी बाजारात व्यापारी बयाणा देणार आहे," दादा म्हणाला. "तिथून सरळ येतो. बँक कुठे?"

फोर्टातली बँक मी त्याला समजावून सांगितली. कोपऱ्यावरचं पाण्याचं कारंजं, समोरच्या टोप्यांच्या दुकानाचा दगडी दरवाजा. त्याने दोनदा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी बँक उघडायच्या आधीपासून तिथे होतो. पत्राबरोबर आलेली, मावशीने भरून दिलेली चिठ्ठी खिशात, दोनशे रुपये धोतराच्या कमरेला. आत जाऊन विचारून घेतलं, अर्धे शेअर आज भरले तर चालतील का, बाकी मागून. कारकून म्हणाला, कागद एकच आहे, दहाचा. भरायचे तर सगळे भरा. आणि दोन वाजता खिडकी बंद.

अकरा वाजले. बारा. मी पायरीवर उभा होतो. बसलो असतो तर रस्ता दिसला नसता. एक वाजला. मनात यायला नको ते यायला लागलं. व्यापाऱ्याने बयाणा दिला नसेल. दादाला बँक सापडली नसेल. तो फोर्टात कधी आलेला नव्हता, त्याचा बाजार तेवढा माहितीचा. किंवा त्याला सापडली असेल, पण रात्री घरी जाऊन त्याने रेड्याकडे बघितलं असेल. तसं असेल तर माझी तक्रार नाही, असं मी स्वतःला सांगत होतो आणि रस्त्यावरचं प्रत्येक धोतर बघत होतो.

दोनला शिपाई लोखंडी जाळी ओढायला आला. मी जाळीच्या मधे जाऊन उभा राहिलो.

"बाहेर व्हा, टाइम झाला."

"माझा भाऊ येतोय."

"उद्या या."

"उद्या नाही चालत. भाऊ येतोय."

त्याने जाळी माझ्या खांद्यापर्यंत आणली. मी एक पाय आत ठेवला, एक बाहेर. आतून कारकून ओरडला, काय चाललंय. शिपाई म्हणाला, वेडा आहे साहेब, म्हणतो भाऊ येतोय. मी तिसऱ्यांदा म्हटलं. अडीच वर्षं वाडीचं नाव न काढणारा मी, फोर्टात भर रस्त्यात ओरडून सांगत होतो की माझा भाऊ येतोय. मला त्याची लाज वाटली नाही. शिपायाने जाळी दाबली तेव्हा खांदा सोलला, तो वण बरीच वर्षं होता.

दादा समोरच्या फुटपाथवरून आला. धावत नव्हता, दादा धावायचा नाही, पण पंचा गळ्यात आणि अंगरखा घामाने पाठीला चिकटलेला. व्यापाऱ्याने त्याला सकाळपासून बसवून ठेवलं होतं. शिपायाने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि जाळी हातभर मागे घेतली.

कारकुनाने चिठ्ठी घेतली. दादाने कमरेची पिशवी सोडली. बाजारातल्या नोटा, मळलेल्या, आंबट वासाच्या. कारकुनाने त्या बोटाच्या टोकाने मोजल्या. मी माझ्या ठेवल्या. शिक्का बसला.

पावती माझ्या एकट्याच्या नावाची होती. मी ती दादापुढे धरली. त्याने वाचली नाही, त्याला वाचता येतही नव्हतं.

"तुझ्या नावावर राहू दे," म्हणाला. "निम्मं माझं आहे, तुला माहीत आहे, मला माहीत आहे."

बाहेर पडल्यावर मी चहा पाजतो म्हटलं. तो म्हणाला, रेड्याला पाणी दाखवायचंय, आणि गेला.

त्या पावसाळ्यानंतर रेडा बसला, उठलाच नाही. दादाने शेजारच्याचा भाड्याने आणला आणि रात्री स्वतः रहाटाला खांदा लावला, हे मला आईकडून कळलं. मी काही पाठवलं असतं तर त्याने घेतलं नसतं. आम्ही दोघांनी ती वर्षं तशीच काढली. कारखान्यावर पत्रे चढले. मी अधूनमधून मुलुंडला जाऊन बघून यायचो. रखवालदार मला ओळखायला लागला होता, खाट सरकवून द्यायचा. शेठच्या दुकानात भाव दहावरून पन्नास, साठ, पुढे शंभरावर गेला. पोत्यावरचे लोक म्हणायला लागले, विकून टाक. मी म्हणायचो, निम्मं माझं नाही.

कंपनीने पहिला डिव्हिडंड दिला तेव्हा आण्यांऐवजी नवे पैसे सुरू झाले होते. फार नव्हता. मी तो वटवला, दोन भाग केले आणि रविवारी वाडीत गेलो. बांधाच्या आत पाय ठेवताना जरा थांबलो. मग ठेवला.

दादा वेल बांधत होता. वर बघितलं नाही.

"पैसे मागायला आलास?"

"द्यायला आलो."

आईने आतून ऐकलं असणार, भांड्याचा आवाज थांबला. मी निम्मे पैसे त्याच्या हातात दिले. त्याने बघितले, हातावर तोलले, आणि त्यातला एक रुपया मला परत केला.

"हे काय?"

"तुझी राखण. झाड तू बघत होतास."

"मला नको."

"का नको? राखणदाराला देतात."

"मी राखणदार नाही. मी मालक आहे निम्म्याचा."

दादाने वेलाची दोरी दातात धरली, हात मोकळे केले आणि खांद्यावरचा पंचा काढला.